दुएंदेला मराठीत काय म्हणावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर स्पेनमधल्या लोककथा तुम्ही मराठीत आणताय, त्यात 'दुएंदे' हा शब्द पानोपानी येतो, म्हणजे घरात राहणारा, न दिसणारा, खोडकर जीव. संपादकांनी 'बुटकं भूत' सुचवलंय आणि तुम्हाला ते खटकतंय. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत एका गायिकेबद्दल 'तिच्यात दुएंदे आहे' असं वाक्य आलंय, तिथे तर भूत म्हटलं की कौतुकाची शिवी होते. शिवाय पोर्तुगीज गोष्टींतला दुएंदे तोच की वेगळा, हेही तुम्हाला हवंय.

तुम्हाला खटकतंय ते अगदी बरोबर खटकतंय. मी पंचवीसहून जास्त वर्षं स्पॅनिश शिकवतो आणि मराठीत अनुवाद करतो. हा शब्द पहिल्यांदा हाताशी आला तेव्हा मीही चुकलो होतो. मुलांच्या एका गोष्टीत मी सरळ 'पिशाच्च' लिहिलं आणि एका वाचनालयात ती गोष्ट मुलांना वाचून दाखवली. लाल टोपीवाला रात्री स्वयंपाकघरात शिरतो, भांडी पाडतो, दुधात मीठ टाकतो, सकाळी घरातली बाई कपाळाला हात लावते. मुलं हसायला हवी होती. ती गप्प बसली. पहिल्या रांगेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "काका, तो आधी कोण होता? कशाने मेला?"

त्या प्रश्नाने मला तो शब्द शिकवला. मराठीत भुताला पूर्वायुष्य असतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. अलवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे वासना धनात किंवा वाड्यात अडकलेला माणूस. 'भूत' या शब्दातच 'होऊन गेलेलं' आहे, त्यामुळे भूत म्हटलं की ऐकणारा आधी मरण शोधतो. दुएंदे कधी मेलेलाच नाही, कारण तो कधी माणूस नव्हता. तो घरात आहे, आधीपासून आहे, बस्स.

हे माझं एकट्याचं मत नाही. स्पेनमध्ये यावर भरपूर शाई खर्च झाली आहे. १६७६ साली आंतोनियो दे फुएंतेलापेन्या या कापुचिन साधूने एक जाडजूड ग्रंथ लिहून वाद घातला की दुएंदे म्हणजे देवदूत नव्हेत, सैतान नव्हेत आणि मेलेल्यांचे आत्मेही नव्हेत. ते एक प्रकारचे अदृश्य प्राणी आहेत आणि बंद, ओसाड घरांत, तळघरांत कोंडलेल्या कुबट वाफांतून ते जन्मतात. पुढे १७२९ मध्ये बेनितो फेइहो या बेनेडिक्टाइन विद्वानाने त्याचाच धागा धरून तो उसवला. देवदूत नाहीत, सैतान नाहीत, आत्मे नाहीत, हे तुम्हीच सिद्ध केलंत. हवेतले प्राणी नाहीत हे मी दाखवतो. मग दुएंदे नाहीतच. मला या वादात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही हे मान्य होतं की दुएंदे म्हणजे मेलेला माणूस नव्हे. म्हणून संपादकांच्या 'बुटकं भूत'मधलं 'भूत' गेलं.

आता 'बुटकं'. दुएंदे बहुतेक गोष्टींत छोटा असतो हे खरं. स्पॅनिश अकादमीचा कोशही त्याला म्हाताऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या रूपात दाखवतात असं सांगतो. पण शब्दात उंचीचा काही संबंध नाही. शब्द आला 'दुएन दे कासा' यातून. 'कासा' म्हणजे घर, आणि 'दुएन' हे 'दुएन्यो'चं आखूड रूप. दुएन्यो म्हणजे मालक, धनी, मूळ लॅटिन 'दोमिनुस'. म्हणजे 'घराचा धनी'. जुन्या स्पॅनिशमध्ये तो अर्थ हाडामांसाच्या मालकालाच होता. पुढे शब्दातलं घर गळून पडलं, 'दुएन दे'चा 'दुएंदे' झाला आणि मालकी त्या न दिसणाऱ्याकडे गेली. कोवार्रुबियासने १६११ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात हीच व्युत्पत्ती दिली आहे.

(जाता जाता: जुन्या मजकुरात 'पालोमा दुएंदा' असा शब्द भेटेल. ती झपाटलेली पारवी नव्हे, पाळीव पारवी. तो शब्द 'माणसाळवलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे, दुएंदेशी त्याचं नातं नाही. एका हस्तलिखितात मी ही चूक पाहिली आहे, म्हणून सांगतो.)

मालकी हा शब्दाचा गाभा आहे असं धरलं की गोष्टींतला खोडकरपणा वेगळाच दिसू लागतो. तो भांडी का पाडतो? कारण घर त्याचं आहे. तुम्ही भाडेकरू आहात आणि तो तुम्हाला त्याची आठवण करून देतोय. खुशीत असला तर रात्री उठून घरकाम उरकून ठेवतो, तेही मालक म्हणूनच. दुएंदे 'त्रास देतो' असं नुसतं लिहिलंत तर अर्धीच गोष्ट मराठीत येईल.

इथे कोकणातला किंवा गोव्यातला वाचक म्हणेल, मग आमचा जागेवाला आहे की! राखणदार आहे, देवचार आहे. मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं, आणि एका अनुवादात मी 'जागेवाला' वापरूनही पाहिला. मालकीचा अर्थ त्यात चपखल येतो. पण दोन ठिकाणी तो शब्द तुटतो. एक म्हणजे जागेवाल्याला नारळ लागतो, गाऱ्हाणं लागतं. देवचार रात्री घुंगुरकाठी वाजवत गावाच्या वेशीवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि त्याचा मान ठेवावा लागतो. दुएंदेचा असा मानपान कुणी करत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते तुमच्याच पुस्तकातल्या गोष्टीत दडलेलं आहे.

उत्तर स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात घरच्या दुएंदेचं नाव 'ट्रासगु'. शेजारच्या गालिसियात तो 'ट्रास्नो'. ट्रासगुची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बिऱ्हाड हलवण्याची. एका शेतकऱ्याचं घर ट्रासगुने नको-नको करून सोडलं. रात्रभर भांड्यांचा खणखणाट, सकाळी कपड्यांची उलथापालथ, गोठ्यात जनावरं बुजलेली. शेवटी नवराबायकोने ठरवलं, घर सोडायचं. गाडीवर सामान चढवलं, दाराला कडी घातली, निघाले. बरंच अंतर गेल्यावर बाईच्या लक्षात आलं की काहीतरी मागे राहिलं. काय राहिलं ते गावागणिक बदलतं, कुठे चाळण, कुठे दिवा. ती हळहळते, आणि मागून आवाज येतो, "काळजी नको, मी आणलीय!" वळून पाहतात तर लाल टोपीवाला लंगडत-लंगडत येतोय. तुम्ही सगळे घर बदलताय, मग मीही आलोच.

जागेवाला असं करणार नाही. जागेवाला जागेचा असतो. माणसं गेली तरी तो तिथेच, नव्या माणसांनी येऊन त्याला मान द्यायचा. ट्रासगु माणसांबरोबर निघतो. म्हणजे त्याची मालकी भिंतींवर नाही, बिऱ्हाडावर आहे. स्पॅनिश 'कासा'त वास्तूही येते आणि कुटुंबही येतं, आणि नशिबाने मराठी 'घर'ही तसंच आहे. 'चांगल्या घरची मुलगी' म्हणताना आपण विटा-माती मोजत नाही. तेव्हा अनुवादात 'वास्तू' शब्द टाळा. वास्तुपुरुष, वास्तुदोष असलं सगळं त्याच्या मागे लागून येतं. 'घर'च ठेवा.

ट्रासगुला घालवायची रीतही या गोष्टींत येते आणि ती भाषांतरात नीट उतरली पाहिजे. त्याला अशी कामं सांगायची जी त्याच्याने होणार नाहीत. टोपलीत पाणी भरून आण. काळ्या मेंढीचं कातडं धुऊन पांढरं कर. आणि जमिनीवर सांडलेलं बारीक धान्य वेचून दे. हे तिसरं काम मी वर्गात करून दाखवतो. टेबलावर मूठभर राजगिरा ओततो आणि एका विद्यार्थ्याला सांगतो, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जोडून मध्ये गोल भोक कर, दाणे उचलून त्या भोकावर ठेव. दाणे ठेवायचे आणि ते खाली सांडायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा सांडायचे. दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो आणि आजूबाजूची पोरं हसायला लागतात. ट्रासगुच्या डाव्या तळहाताला असंच आरपार भोक असतं. पण तो हट्टी आणि मानी आहे. मला जमत नाही असं म्हणणार नाही. रात्रभर वेचत राहतो आणि पहाटे, हरल्याच्या शरमेने, घर सोडून जातो. मूळ गोष्टींत धान्य म्हणून जवस किंवा मिलेट येतं. मराठीत राळे किंवा वरी चालेल. तांदूळ मात्र लिहू नका. तांदळाचा दाणा जाड, तो वेचणं कुणालाही जमेल असं वाचकाला वाटतं आणि गोष्टीतली गंमत जाते. मंत्र नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, त्याच्या स्वभावानेच त्याला हरवायचं. पिशाच्च म्हटल्यावर मराठी वाचक मांत्रिकाची वाट पाहतो आणि तो येतच नाही.

ते भोक धरून आपण पोर्तुगालमध्ये जाऊ. तिथे 'भोकवाल्या हाताचा छोटा साधू' आहे, पोर्तुगीजमध्ये 'फ्रादिन्यु दा मांव फुरादा'. लाल टोपी घालतो, रात्री कुलपाच्या भोकातून आत येतो आणि झोपलेल्याच्या छातीवर जड हात ठेवतो. माणसाला ओरडताही येत नाही. ट्रासगुचा हा भाऊबंदच, फक्त स्वयंपाकघरापेक्षा याचं लक्ष बिछान्याकडे जास्त. पोर्तुगीजमध्ये 'दुएंदे' शब्दही आहे, पण तो स्पॅनिशकडून घेतलेला. हे ओळखायला कोश लागत नाही. त्याच लॅटिन 'दोमिनुस'चं पोर्तुगीजमध्ये 'दोनु' झालं, घराचा मालक म्हणजे 'दोनु दा काझा'. 'दुए' हा उच्चार कास्तिलियन स्पॅनिशचा. त्यामुळे पोर्तुगीज कानाला 'दुएंदे'मध्ये मालक ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो एक छोटा, टोकदार कानांचा, रानातला किंवा बागेतला जीव. ब्राझीलमध्ये तर बहुतेक ठिकाणी त्याचा उच्चारही 'दुएंजी' होतो आणि नाताळबाबाच्या मदतनिसांनाही तोच शब्द. आजच्या स्पॅनिश बालसाहित्यातही हा नाताळचा दुएंदे शिरला आहे, तेव्हा आधी मजकुराचं वय पाहा. तुम्हाला पोर्तुगीज गोष्टी करायच्या असतील तर 'दुएंदे'मध्ये घरधनी शोधू नका. 'त्राज्गु' किंवा हा फ्रादिन्यु येतो तिथे शोधा.

लाल टोपी समुद्र ओलांडून ब्राझीललाही गेली. तिथला सासी एका पायाचा, काळ्या वर्णाचा, तोंडात चिलीम, डोक्यावर लाल टोपी. वावटळीतून फिरतो, घोड्यांच्या आयाळीला गाठी मारतो, दूध नासवतो. काही ठिकाणी त्याच्याही हाताला भोक असतं. वावटळीवर चाळण टाकून त्याला पकडायचं, टोपी काढून घ्यायची आणि बाटलीत कोंडायचं. सासीत तिथल्या तुपी-ग्वारानी आदिवासींचे आणि आफ्रिकी धागे आहेत, टोपी मात्र पोर्तुगालकडून आली असं ब्राझीलचे अभ्यासक मानतात. १९१७ साली मोंतेरु लोबातु या लेखकाने साओ पावलोच्या वर्तमानपत्रातून वाचकांनाच विचारलं होतं की तुमच्याकडे सासी कसा सांगतात, आणि आलेल्या पत्रांचं पुढच्या वर्षी पुस्तक केलं. लोककथा गोळा करण्याची ही पद्धत मला फार आवडते.

आता तुमच्या यादीतल्या त्या वाक्प्रचाराकडे येतो, 'तेसोरो दे दुएंदे', दुएंदेचं धन. तुम्ही त्याचं 'भुताचा खजिना' केलंय. अर्थ असा की दुएंदे पुरलेलं धन राखतात आणि परक्याने हात लावला की त्याचे कोळसे होतात. त्यावरून, कुठे गेली कळत नाही अशा रीतीने वितळून जाणाऱ्या संपत्तीला दुएंदेचं धन म्हणतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. नशिबात नसलं तर हंड्यातल्या मोहरांचे कोळसे होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. तेव्हा सरळ लिहा, 'दुएंदेचं धन, हातात घेताच कोळसा.' वाचक पुढचं स्वतःच जोडून घेईल.

हाच कोळसा स्पॅनिश रंगभूमीवरही आला. काल्देरोन दे ला बार्काचं १६२९ चं नाटक 'ला दामा दुएंदे', म्हणजे दुएंदे झालेली बाई. दोन्या आंखेला ही तरुण विधवा. भाऊ तिला माद्रिदच्या घरात अक्षरशः कोंडून ठेवतात. त्याच घरात डॉन मान्वेल हा पाहुणा उतरतो आणि त्याच्या खोलीला लागून तिची खोली. मधल्या दाराला काचेच्या भांड्यांचं एक कपाट लावलंय, पण ते कपाट सरकतं. ती आणि तिची दासी त्यातून आत येतात, सामान उचकतात, चिठ्ठी ठेवतात. दासी पाहुण्याच्या नोकराच्या, कोस्मेच्या थैलीतले पैसे काढून कोळसे भरते. कोस्मे परत येऊन थैली उघडतो आणि ओरडतो की या घरात दुएंदे आहे. प्रेक्षक तिथे हसला तो कोळशामुळे, कारण ती खूण त्याला पाठ होती. आणि नावातला जुना अर्थही पाहा. ज्या घरात त्या बाईची काहीच मालकी नाही, जिथे तिला खिडकीतसुद्धा उभं राहू देत नाहीत, त्या घरात ती भिंतीतून फिरते आणि रात्रीपुरती धनीण होते. 'भुताटकीची बाई' असं नाव केलं की हे सगळं जातं. मी 'घरातली अदृश्य' असं करून पाहिलं होतं, पण त्यावर मी अजून समाधानी नाही.

चित्रांत पाहायचं असेल तर गोयाची १७९९ ची 'काप्रिचोस' ही ८० चित्रांची मालिका शोधा. ४९ वं चित्र 'दुएंदेसितोस', म्हणजे छोटे दुएंदे. अंधाऱ्या खोलीत तिघे जण, अंगावर साधूंची वस्त्रं, आणि त्यातल्या एकाचा हात अंगाच्या मानाने राक्षसी मोठा. गोयाला त्यातून धर्मगुरूंवर कोरडा ओढायचा होता हे उघड आहे. पण तो पंजा मात्र मला घराघरांत ऐकलेल्या गोष्टींतून आलेला वाटतो.

लोक प्रत्यक्षात कुठे हा शब्द वापरतात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सारागोसाचं. १९३४ च्या शरद ऋतूत तिथल्या गास्कोन दे गोतोर रस्त्यावरच्या एका इमारतीत स्वयंपाकघराच्या शेगडीच्या धुराड्यातून आवाज येऊ लागला. तो माणसांना उत्तरं द्यायचा, चिडायचा, धमकवायचा. पोलीस आले, न्यायाधीश आले, रस्त्यात गर्दी मावेना, परदेशी वर्तमानपत्रांतही बातम्या आल्या. शेवटी अधिकाऱ्यांनी घरातल्या कामवाल्या मुलीकडे बोट दाखवलं, आणि ते पुष्कळांना पटलं नाही. मला लक्षात राहिलं ते हे की सगळ्या स्पेनने त्याला 'सारागोसाचा दुएंदे' म्हटलं, 'फान्तास्मा' म्हणजे मेलेल्याचं भूत म्हटलं नाही. कुणी मेलेलं नव्हतं, स्मशान नव्हतं, पांढरी आकृती नव्हती. घर होतं, चूल होती, आणि चुलीतून हक्काने बोलणारा आवाज होता. बोलणाऱ्यांनी शब्द अचूक निवडला. ती इमारत १९७७ मध्ये पाडली, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचं नावही 'दुएंदे' आहे.

स्पॅनिश भाषा जिथे-जिथे गेली तिथे हा शब्द स्थानिक जिवांवर जाऊन बसला आणि घराबाहेर पडला. फिलिपिन्समध्ये तो 'दुवेंदे' झाला. वारुळात, झाडाखाली राहतो. तिथून जाताना लोक 'ताबी-ताबी पो' म्हणतात, म्हणजे जरा वाट द्या. बेलीझमध्ये ताता दुएंदेला अंगठे नसतात आणि पावलं उलटी. तो दिसला तर मुलांनी अंगठा मुठीत लपवायचा. ग्वातेमालाचा सोम्ब्रेरोन प्रचंड टोपी घालून गिटार वाजवतो आणि घोड्यांच्या आयाळीच्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलींच्या केसांच्या वेण्या घालतो. यातलं काही भाषांतरात आलं तर 'घर' शब्द मध्ये घालू नका.

राहिली तुमची गायिका. 'तेनेर दुएंदे', दुएंदे असणं, हा प्रयोग दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा, तिथल्या फ्लामेंको या गाण्या-नाचाच्या लोकांचा. त्याला जगभर पोचवलं कवी फेदेरिको गार्सिया लोर्काने, २० ऑक्टोबर १९३३ ला ब्वेनोस आयरेसमध्ये दिलेल्या व्याख्यानाने. त्यात तो पास्तोरा पाव्होनची, म्हणजे 'ला निन्या दे लोस पेइनेस'ची आठवण सांगतो. कादिसच्या एका गुत्त्यात ती गात होती. गळा तयार, सुरांवर हुकमत, आणि समोर शुकशुकाट. एक ठेंगणा माणूस उपहासाने हळूच म्हणाला, "पॅरिस चिरायू होवो!" म्हणजे इथे आम्हाला सफाई नकोय. ती वेड्यासारखी उठली, जळजळीत दारूचा पेला घशात ओतला आणि पुन्हा गायला बसली, आता आवाज नाही, श्वास नाही, गळा भाजलेला. तेव्हा दुएंदे आला.

मराठीत इथे लगेच 'अंगात आलं' सुचतं. तुम्हीही कच्च्या मसुद्यात तेच लिहिलंय. थोडं थांबा. अंगात येणारी देवी बाहेरून येते. लोर्का नेमका हाच फरक करतो: देवदूत आणि काव्यदेवता बाहेरून येतात, दुएंदेला मात्र रक्ताच्या अगदी शेवटच्या खोल्यांत जाऊन जागं करावं लागतं. 'खोल्या' हा शब्द त्याचाच आहे. घर गेलेलं नाही, फक्त ते शरीर झालंय, आणि धनी आत माजघरात झोपलाय. म्हणून 'अंगात आलं' नको. 'दैवी सूर' तर त्याहून नको. आपल्याकडची माणसं बैठकीत 'आज आतून आलं' म्हणतात, ते बरंच जवळ जातं. 'काळजाला हात घातला' म्हटलं की ऐकणाऱ्याची बाजू येते, गाणाऱ्याची नाही. 'जीव ओतून गायली'मध्ये कष्ट येतात, पण दुएंदे कष्टांनी येत नाही, तो आला तर येतो. मी त्या वाक्यात 'दुएंदे' तसाच ठेवीन आणि पुढे एक वाक्य जोडीन: 'तिच्या गाण्यात दुएंदे आहे, आतलं कुणीतरी जागं होतं आणि मग गाणं तिचं राहत नाही.'

आता लोककथांसाठी. मोठ्यांच्या पुस्तकात 'दुएंदे' हाच शब्द ठेवा. मराठी तोंडाला तो जड नाही, मधल्या 'ए'वर जोर द्यायचा एवढंच. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच ओळख करून द्या, 'दुएंदे, म्हणजे घरचा तो न दिसणारा धनी'. तळटीप नको, गोष्ट वाचताना कुणी खाली बघत नाही. 'घरधनी' हा जोडशब्द मी टाळतो, कारण गावाकडे बाई घरधनी म्हणते ते नवऱ्याला. 'दुएंदे'चं अनेकवचनही 'दुएंदे'च ठेवा, 'दुएंदेस' नको. अस्तुरियासच्या गोष्टीत 'ट्रासगु' असेल तर त्याला दुएंदे करू नका. ते त्याचं गावचं नाव आहे, म्हसोबाला कुणी नुसतं 'देव' म्हणत नाही.

मुलांच्या पुस्तकासाठी मात्र मला एक शब्द सापडला आहे आणि तो मी तुम्हाला देतो: घरोबा. शब्द आपलाच, अर्थ आपुलकी, घरच्यासारखं येणं-जाणं. आणि कानाला तो खंडोबा, म्हसोबा, वेतोबाच्या रांगेतला वाटतो, जणू घराचा एखादा छोटासा बाबा. त्या वाचनालयात मी पुढे तीच गोष्ट 'घरोबा' घालून वाचली. दुधात मीठ पडल्याबरोबर मुलं हसली, कोण मेलं हे कुणी विचारलं नाही, आणि एका मुलाने सांगितलं की त्याच्या घरातला घरोबा रोज एकच मोजा पळवतो. 'बा'मुळे थोडं देवपण चिकटतं हे मान्य, म्हणून मोठ्यांच्या किंवा अभ्यासाच्या पुस्तकात मी तो वापरत नाही.

एक शेवटचं, तुमच्या पान सोळावरचं वाक्य. 'एन एस्ता कासा आय दुएंदे.' तुम्ही लिहिलंय, 'या घरात भूत आहे.' संपादकांनी त्याचं 'हे घर झपाटलेलं आहे' केलंय. ते म्हणणारी आजी घाबरलेली नाही. ती चुलीपुढे बसून, पीठ मळता-मळता सुनेला सांगतेय. मी लिहीन: 'या घरात आपल्याशिवाय आणखी कुणी राहतं, सूनबाई.'